टेंटबाहेर कोण होतं राजेहो

काल रात्री नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूच्या गावात मित्राच्या वावरात टेंट टाकून झोपलो, झोपलो म्हणजे नुसतं आडवं पडलो म्हणा. मोहाचा सीझन चालू, सगळीकडे तो गोडमट्ट वास. टेंट आम्ही झाडाखालीच लावून राह्यलो होतो, तर मित्राचे काका म्हणे, "तिथं नका लावू बाबू, अस्वल येते फुलं खायला." आम्ही हसलो, पण नशीब की धुऱ्यावरच्या जागलीच्या मचाणापाशी सरकलो.

आधी रातवा पक्षी सुरू झाला, चक् चक् चक् चक्, एका सुरात, बंदच होईना. मग अडीचच्या सुमारास कोणीतरी सायकलच्या पंपाने हवा ओढून राह्यलं असा आवाज. टेंटची चेन दोन बोटं उघडून पाहिलं तर खरंच अस्वल! काळं झिपरं, छातीवर पांढरा व्ही, आणि वारुळाला तोंड लावून सुरुक सुरुक वाळवी ओढून राह्यलं. याला वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतूनच ओढते ते. टॉर्च लावायची हिंमत झाली नाही, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात नाल्याकडून सांबराचा 'ढांक' असा धोक्याचा आवाज आला, दोनदा, अन् अस्वलानं मान वर करून हुंगलं आणि निघून गेलं आरामात, घाई नाहीच. सांबर कोणाला पाहून ओरडलं ते पाहायला आम्ही काही गेलो नाही बा!

सकाळी वारूळ पार उकरलेलं, बोटभर लांब नखांच्या रेघा. काकांनी चहा देताना एवढंच विचारलं, "भेटलं काय?"