राधानगरी रस्त्याला माश्यांच्या अळ्या हुडकताना

पाऊस उघडला, ओढ्यांचं पाणी निवळलं की कोल्हापूरहून राधानगरीच्या बाजूला जावं. लोक तिकडं गवे बघायला जातात. आम्ही गेलो ते दगड उलटे करायला आणि शेण उकरायला. विषय एकच, माश्यांच्या गणातल्या, म्हणजे दोन पंखांच्या कीटकांच्या, अळ्या ओळखणं. डास, चिलटं, गोमाशी सगळे त्यात आले.

हळदी गावाच्या पुढं उसाच्या एका फडात पानाखाली पांढरा लोकरी मावा दिसला आणि गाडी थांबवली. २००२ साली याच माव्यानं पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाची दैना केली होती. फडाचे मालक आले. "काय हुडकालाय?" म्हटलं, अळ्या. "मग हुमणी हाय की ढीगभर!" हुमणी भुंगेऱ्याची, तिला पुढं सहा पाय असतात. माशीच्या अळीला सांध्यांचे पाय कधीच नसतात, फार तर मांसल गाठी असतात. माव्यातही तीच कसोटी लावा. तिथं मावा खाणारी कोनोबाथ्राची अळी सापडते, ती पतंगाची. तिला डोकं आणि पाय दोन्ही स्पष्ट. शेजारीच पुढं निमुळती, बिनपायाची, डोकं नसल्यासारखी अळी मावा उचलून शोषत असेल तर ती सिरफिड माशीची. मालक तिला चिरडणार होते, तेवढ्यात थांबवलं. ती त्यांच्याच बाजूची.

ओढ्यात खरी गंमत. जोराच्या धारेतल्या दगडावर बूड फुगीर असलेल्या बारक्या काळपट अळ्या मागच्या टोकानं चिकटून उभ्या असतात आणि तोंडाजवळच्या पंख्यांनी पाणी गाळून खातात. या सिम्युलियम नावाच्या बारक्या काळ्या माशीच्या, या कुळातल्या माद्या माणसाचं, जनावराचं रक्त पितात. कडेच्या गाळात लालभडक अळ्या दिसल्या तर त्या कायरोनोमस या न चावणाऱ्या चिलटाच्या. लाली हिमोग्लोबिनची, म्हणून कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही त्या तगतात. साचलेल्या पाण्यात डासाची अळी पृष्ठभागाला समांतर पडलेली असेल तर ॲनॉफेलिस, श्वासनळी वर करून तिरकी लटकत असेल तर क्युलेक्स किंवा एडिस. यासाठी भिंगही लागत नाही. ओल्या पाल्यात दोन्ही टोकांना निमुळती, गाठींची कडी असलेली अळी दिसली तर चिमट्यानंच धरा. गोमाशीची असेल तर कडकडून चावते.

गोठ्यामागच्या घाण पाण्यात उंदरासारखं शेपूट असलेली अळी हमखास बघा. ते शेपूट म्हणजे लांब-आखूड होणारी श्वासनळी. अळी एरिस्टॅलिसची, दिसायला मधमाशीसारख्या आणि अगदी निरुपद्रवी माशीची.

शेणातल्या, कुजक्या मांसातल्या पांढऱ्या अळ्या मात्र वरवर सारख्याच. त्यांचं तोंड नव्हे, बूड बघा. मागं श्वासरंध्रांच्या दोन चकत्या असतात. प्रत्येकीत तीन चिरा असतील तर अळी तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतली. दोन असतील तर अजून लहान. घरमाशीच्या चिरा नागमोडी, निळ्या-हिरव्या मांसमाशीच्या सरळ. चकत्या खोल खळग्यात असतील तर सार्कोफॅगिडी कुळ. कोवळ्या अळीवरून थेट जातीचं नाव सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. कुळापर्यंत पोचलात तरी पुष्कळ.

सोबत पांढरा ट्रे, मऊ चिमटा, दहापट भिंग आणि झाकणाच्या बाटल्या घ्या. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काही उचलू नका; बाहेरच्या ओढ्यांत आणि बांधांवर भरपूर मिळतं. नमुना थेट स्पिरिटमध्ये टाकला तर काळा पडतो. आधी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, मग ८० टक्के अल्कोहोल. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आतच टाका: ठिकाण, तारीख, अळी कशात सापडली.

काही अळ्या त्यांच्याच शेणामातीसकट जिवंत आणा आणि बरणीला मलमलचं फडकं बांधा. माशी निघाली की लगेच मारू नका, पंख ताणून रंग पक्का व्हायला एक दिवस द्या. रिकामा कोषही तिच्याबरोबरच ठेवा. शेणामांसातल्या या माश्यांचा कोष अळीच्या शेवटच्या कातडीचाच असतो, त्यामुळं बुडाच्या चिरा त्यावरही वाचता येतात.