पोट्टे, आजी आणि विझागच्या बागा

विझागला, म्हणजे विशाखापट्टणमला, सोमवार हाताशी ठेवू नका. आम्ही ठेवला. रविवारी संध्याकाळी उतरलो, सोमवारी सकाळी सगळे आंघोळ करून तयार, आणि हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं की प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद, पाणबुडीचं संग्रहालयही सोमवारी बंद. थोरली नऊ वर्षांची. तिने नागपुरातल्या अजनीच्या घरापासून पाणबुडीचा धोशा लावला होता. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं.

आम्ही पाच जण: मी, बायको, थोरली, चार वर्षांचा धाकटा आणि माझी आई. आईचे गुडघे सत्तरीचे आहेत, उत्साह मात्र धाकट्याच्या वयाचा. परीक्षा संपल्या, एप्रिलचा शेवट आला, नागपुरात कूलरसमोरून उठवेना, म्हणून निघालो. समता एक्स्प्रेस नागपूरहून गोंदिया, रायपूर, टिटलागड, रायगडा करत विशाखापट्टणमला जाते, रोज नसते, तेव्हा आधी वार बघा आणि मग सुट्टी टाका. विजयवाड्याकडून जाणारी एपी एक्स्प्रेसही आहे, पण तो रस्ता लांबचा. रायगड्याच्या आसपास खिडकीतून डोंगर दिसायला लागतात, तिथे पोरांना झोपू देऊ नका.

मनात हिशोब साधा होता. नागपूर चव्वेचाळीस, विझाग चौतीस, म्हणजे थंडच. चूक. आपल्याकडे ऊन भाजतं, पण घाम अंगावरच वाळतो. तिथे सकाळी नऊलाच शर्ट पाठीला चिकटतो आणि दुपारभर चिकटलेलाच राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमत असेल तर तेव्हाच जा. उन्हाळ्यातच जावं लागलं तर एक नियम पाळा: सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतर बाग. मधला वेळ खोली, पंखा, पत्ते.

हा नियम आम्हाला त्या सोमवारीच कळला. दोन्ही ठिकाणं बंद म्हणून भर बाराला बीच रोडच्या बाजूच्या एका बागेत शिरलो. घसरगुंडी पत्र्याची. धाकटा हाफ पँटवर बसला आणि अर्ध्यातच किंकाळी. मांडी लाल झाली, फोड आला नाही एवढंच नशीब. आईने पदर पाण्यात भिजवून लावला. तेव्हापासून दरवेळी मी आधी घसरगुंडीवर तळहात ठेवून बघायचो. मग धाकटाही तसंच करायला लागला, झोपाळ्यावर, बाकावर, एकदा तर आजीच्या कपाळावरही.

समुद्राबद्दल आधीच सांगतो, कारण तिथे बहुतेकांची गडबड होते. आपण कोकण, गोवा पाहिलेली माणसं. समुद्र म्हटला की सूर्यास्त. विझागला उलटं आहे, सूर्य पाण्यातून वर येतो आणि संध्याकाळी मागच्या डोंगरांकडे जातो. म्हणजे खरा देखावा पहाटेचा. एप्रिलअखेर साडेपाचच्या सुमारास रामकृष्ण बीचवर, म्हणजे आरके बीचवर पोचलो, तर अर्धं गाव आधीच फिरायला आलेलं. सकाळी काही वेळ बीच रोडचा हा पट्टा गाड्यांसाठी बंद असतो, त्यामुळे पोरं बिनधास्त रस्त्यावर धावतात. धाकट्याने एवढं पाणी पहिल्यांदाच पाहिलं, आजवर बघितलेला तो नागपूरचा फुटाळा तलाव. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "बाबा, हा फुटाळा थांबूनच नाही राहिला!"

पण पाण्यात उतरू नका. आरके बीचवर किनाऱ्याजवळच खोल होतं आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. इथे बुडून माणसं गेली आहेत, पोलीस शिट्ट्या मारत फिरत असतात ते उगाच नाही. माझी एक चप्पल लाटेने नेली, तीही मी घोट्याभर पाण्यात उभा असताना. समुद्र बघायचा, खेळायचं बागेत, असं आम्ही ठरवलं आणि चारही दिवस बरे गेले. पाण्यात खेळायचंच असेल तर ऋषिकोंड्याला जा. त्या किनाऱ्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग मिळाला होता. तिथेही आखलेल्या भागातच आणि जीवरक्षक असतील तरच.

बागांमध्ये आमची सगळ्यात जास्त संध्याकाळ गेली ती व्हीएमआरडीए पार्कमध्ये. ऑटोवाल्याला हे नाव सांगू नका, 'वुडा पार्क' म्हणा. जुनं नाव तेच आणि तोंडात बसलेलंही तेच. बीच रोडवरच आहे, झाडं मोठी आणि समुद्राचं वारं थेट आत येतं. इथे स्केटिंगची रिंक आहे आणि गावातली पोरं इथे खरोखर सराव करतात. थोरली आमच्या गल्लीत स्केटिंग करते, त्यामुळे तिला वाटत होतं की तिला येतं. रिंकवर सहा-सात वर्षांच्या मुली वाकून, एक हात पाठीवर ठेवून, वळणावर जवळजवळ आडव्या होत चालल्या होत्या. आमची कठड्याला धरून वीस मिनिटं नुसती बघत राहिली. मग मला म्हणाली, "बाबा, त्या वळताना आतला पाय आधी उचलून नाही राहिल्या, बाहेरचा उचलतात." नागपूरला आल्यावर महिनाभर तेच चाललंय. आईसाठी बाकं भरपूर होती आणि शेजारी एक तेलुगू आजी बसल्या होत्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी गुडघ्यांवर तासभर बोलल्या.

स्केट्स घरून नेता आले तर न्या. विझागला एका ठिकाणी आम्ही भाड्याने घेतले, त्यातल्या एकाचा पट्टा दुसऱ्याच फेरीत तुटला.

कैलासगिरी हा पोरांसाठी सगळ्यात मोठा दिवस. शहरातून सहा-सात किलोमीटर, टेकडीवर मोठी बाग आणि मधोमध शंकर-पार्वतीची पांढरीशुभ्र प्रचंड मूर्ती. वर जायला रस्ता आहे, पायऱ्या आहेत आणि रोपवे आहे. आई आहे म्हटल्यावर रोपवे. पाळणा हलला तशी आईने माझं मनगट धरलं ते वर पोचेपर्यंत सोडलं नाही, आणि खाली उतरल्यावर बायकोला म्हणाली, "हा घाबरला होता, म्हणून धरला." वारं फार असलं की रोपवे थांबवतात, तेव्हा परतीचा रस्ता मनात ठेवा.

वर छोटी रेल्वे आहे, टेकडीला वळसा घालते. नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या बालोद्यानातली वनबाला ही छोटी गाडी ज्यांनी लहानपणी केली आहे त्यांना बसताक्षणी ओळख पटेल, फरक इतकाच की इथे एका बाजूला झाडांऐवजी खाली अख्खा समुद्र असतो. रांगेत लागतानाच समुद्र कोणत्या बाजूला येतो ते विचारून घ्या आणि त्या बाजूची जागा पकडा. आम्ही डोंगराच्या बाजूला बसलो आणि सबंध फेरीभर पुढच्यांची डोकी पाहिली. धाकट्याच्या हट्टापायी दुसरं तिकीट काढलं, तेव्हा कुठे पाणी दिसलं.

वर सावली वाटते त्यापेक्षा कमी आहे. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद चक्रीवादळ थेट या शहरावर आलं तेव्हा टेकडीवरची आणि गावातली असंख्य झाडं एका दिवसात उन्मळून पडली. म्हणून साडेचारच्या आधी वर जाऊ नका. सूर्य मागे गेला की टेकडीची सावली उतारावर पसरते आणि खाली किनाऱ्याची लांबच लांब वळलेली रेघ दिसते. तिथे अंधार पडेपर्यंत बसलो. खाली येऊन तेन्नेटी पार्कमध्ये दहा मिनिटं थांबलो. बाग लहान आहे, पण खडक आणि लाटा अगदी जवळ. ऑक्टोबर 2020 मध्ये एक बांगलादेशी मालवाहू जहाज वादळात भरकटून इथेच किनाऱ्याला लागलं होतं. हे ऐकल्यावर धाकटा कठड्यापासून हलेना. "आज येईल का?"

प्राणिसंग्रहालयाला मंगळवारी गेलो, उघडताक्षणी. इंदिरा गांधी प्राणिसंग्रहालय 1977 मध्ये सुरू झालं, सव्वासहाशे एकर आहे, कंबालकोंड्याच्या जंगलाला लागून. नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयाच्या अंदाजाने जाल तर फसाल, चालत होणारच नाही. बॅटरीवर चालणारी गाडी घ्या. दोन दरवाजे आहेत, एक हायवेकडे आणि एक सागरनगरकडे. ज्या दरवाज्यातून शिराल तिथूनच बाहेर या, नाहीतर ऑटो एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. आम्ही अकरापर्यंत बाहेर पडलो. त्यानंतर वाघही सावलीत पालथा पडतो, मग तिकीट काढून त्याची पाठच पाहायची.

पाणबुडी ही काही बाग नाही, पण पोरं असतील तर टाळता येत नाही. आयएनएस कुरसुरा, 1969 मध्ये नौदलात आली, 1971 च्या युद्धात होती, 2001 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी आरके बीचवर वाळूत आणून संग्रहालय केलं. लांबी सुमारे 91 मीटर, आत मात्र दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. नौदलातून निवृत्त झालेले लोक माहिती सांगतात, हिंदीतही सांगतात. थोरलीने विचारलं, "इतक्या लोकांना बाथरूम किती?" ते काका हसले आणि तिला नेऊन दाखवलं. ती तेवढंच शाळेत सांगणार आहे. आई बाहेरच थांबली, ते बरं झालं, आत चढउतार आणि कोंदट हवा आहे. कडेवर पोर घेऊन जाणार असाल तर पिशव्या बाहेरच्या माणसाकडे द्या. आठवड्यातल्या दिवशी दुपारनंतरच उघडते, म्हणून जाण्याआधी फोन करून वेळ पक्की करा. रस्त्याच्या पलीकडे टीयू-142 हे नौदलाचं टेहळणी विमान आहे, 2017 पासून लोकांना आत जाऊन बघता येतं. दोन्ही एका संध्याकाळात होतात.

बाकीचं थोडक्यात. शिवाजीपालेम भागात शिवाजी पार्क आहे. नाव वाचून आईने रिक्षा थांबवायला लावली, बाग नीटनेटकी, सकाळी फिरणाऱ्यांची. आरटीसी कॉम्प्लेक्स या बस स्थानकाजवळचं सेंट्रल पार्क जुन्या तुरुंगाच्या जागेवर केलंय. गाडीला वेळ असेल तर तास काढायला ठीक, मुद्दाम जाण्यासारखं मला वाटलं नाही.

राहायचं तर आरके बीचच्या आसपास राहा. स्टेशनच्या बाजूला स्वस्त मिळेल, पण पहाटे पाचला पोरं उठवून ऑटो शोधायचा म्हणजे सुट्टी कसली? ऑटोवाल्याशी भाडं आधी ठरवा, हिंदी चालते. भीमिलीकडे जाणाऱ्या सिटी बस बीच रोडनेच जातात, ऋषिकोंड्यासाठी त्या ऑटोपेक्षा कितीतरी स्वस्त. बागांची स्वच्छतागृहं कधी बरी असतात, कधी नसतात, लहान पोरगं असेल तर हॉटेलातूनच निपटून निघा. वाळूसाठी एक जुना टॉवेल आणि रिकामी प्लॅस्टिकची पिशवी वेगळी ठेवा.

खाण्याची चिंता नको. बीचवर मुरमुऱ्यांचं मुरी मिक्चर मिळतं, कांदा, टोमॅटो, लिंबू घालून. तिखट कमी सांगितलं तरी आंध्राचं कमी म्हणजे आपलं तर्री पोह्याचं जास्त. पोरांना शहाळं द्या. आणि एक गंमत: आईने तिसऱ्या दिवशी उपमा मागवला आणि वेटरला हाताने दाखवत सांगितलं, "वरून थोडा सांभार टाक." आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. तो वाटीभर सांबार घेऊन आला आणि उपम्यावर ओतला. आई दोन मिनिटं त्या ताटाकडे बघत होती. मग खाल्लं. मग दुसऱ्या दिवशी स्वतःहून तसंच मागवलं.