आधी खाडी की आधी सडा, हे तिथी ठरवते

इथे नॉर्वेत, स्टॅव्हॅंगरजवळच्या लीसफ्योर्डमध्ये भावंडं सकाळी कयाक वल्हवतात आणि दुपारी प्रेइकेस्टोलेनचा ६०४ मीटर उंच कडा चढून येतात. कोणी उलट क्रम लावतं, तरी काही बिघडत नाही. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम हातभर. भीती असते ती थंड पाण्याची. तोच बेत डिसेंबरात गावी येऊन विजयदुर्गला करायचा, म्हणजे खाडीत कयाक आणि गिर्येच्या सड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर, चढाई, तर आधी तिथी बघा. वाघोटनच्या खाडीचं पाणी उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, दोन मीटरांच्या आसपास चढतं-उतरतं, आणि दिवसाचा क्रम तेच लावून देतं.

कोळ्यांचा हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट. द्वादशीला बारा पाऊण नऊ, म्हणजे मुंबईकडे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. विजयदुर्गला ती साधारण तासभर आधी येते, म्हणून आठ धरा. हा झाला अंदाज. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघाच.

द्वादशी आम्हाला सर्वांत सोयीची वाटते. साडेसहाला निघायचं, चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, पाणी थबकलं की वळायचं आणि दहाच्या आत किनारा गाठायचा. दोघांची कयाक ताशी चार-पाच किलोमीटर सहज जाते. वाटेत आंग्र्यांच्या काळातली आरमारी गोदी लागते. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला तळ उघडा पडला की डागडुजी करायची: अख्खी गोदीच या पाण्याच्या वेळापत्रकावर चालायची. तिथे जरूर थांबा.

उशीर झाला तर मात्र गाठ पडते. अकरानंतर खारा वारा पश्चिमेकडून आत येतो, सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी पश्चिमेला बाहेर ओढतं. दोन्ही समोरासमोर आले की खाडीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात आणि नवखे तिथेच उलटतात. उलटलात तर वल्हं आणि कयाक सोडू नका. एकाने पलीकडची कड दाबून धरावी. दुसऱ्याने पाय जोरात मारत पोटावर वर सरकावं, आणि मग पहिल्याला ओढून घ्यावं. लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत आलं तर ते सैल आहे.

पाणी उतरल्यावर कडेला चिखल लागतो. उतरून ढकलायला जाऊ नका, पाय गुडघाभर रुततो. बसल्या बसल्याच मागे वल्हवून निघा. खडकांवर आणि तिवरांच्या मुळांवर कालवं असतात, त्यामुळे चपला नव्हे, बंद बूट हवेत. जाळ्यांच्या खुंटांना वळसा घाला. ते कोणाचं तरी पोट आहे.

मागे कोण बसणार यावरून भावंडांत वाद ठरलेला. मोठेपणाचा इथे संबंध नाही: जड माणूस मागे, दिशाही त्याच्याकडे. पुढचा ताल धरतो. मागच्याने तो पाळला नाही तर वल्ह्यावर वल्हं आपटतं.

गिर्येचा सडा मग चारनंतर. जांभ्यावर सावली नाही, उतारावर सुटे खडे पायाखालून सरकतात; माणशी तीन लिटर पाणी घ्या. चतुर्थीला हा बेत जमत नाही: भरती दोनच्या सुमारास, सकाळी आठला खाडी रिती. तेव्हा उजाडताच सडा चढा आणि त्या दिवशी कयाक काठावरच राहू द्या, कारण दुपारी पाणी असलं तरी वारा असतो.