गोळी लागू पडल्यानंतर

बॉस्टनमध्ये मी फुप्फुसाच्या कॅन्सरवर संशोधन करते, हे कळलं की ओळखीपाळखीतून फोन येतात. कुणाच्या मामांचं निदान झालेलं असतं, कुणाच्या आईचं. प्रश्न ठरलेला, ‘तिकडे नवीन औषध निघालंय का?’ मी आधी विचारते, बायोप्सीवर म्युटेशनच्या, म्हणजे गाठीच्या जनुकांतल्या बदलांच्या, तपासण्या झाल्या का? बऱ्याचदा पलीकडच्याला त्याची कल्पनाच नसते. म्हणून हे लिहायला बसले आहे.

जेफिटिनिब ही फुप्फुसाच्या कॅन्सरवरची गोळी नवी होती तेव्हा ती घेणाऱ्या बहुतेकांना काहीच फरक पडत नव्हता, पण थोड्याजणांच्या गाठी काही आठवड्यांत झपाट्याने आकसत. असं का, हे कुणालाच कळेना. २००४ साली बॉस्टनच्या दोन चमूंनी आणि न्यूयॉर्कच्या एका चमूने त्याचं कारण शोधून काढलं. ईजीएफआर हे पेशीच्या आवरणावरचं प्रथिन आहे. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते तो आत पोचवतं आणि पेशीचं विभाजन होतं. त्याच्या जनुकात ठरावीक बदल झाला तर निरोप नसतानाही ते चालूच राहतं, आणि गाठ त्याच एका प्रथिनाच्या जिवावर वाढत जाते. या प्रथिनाच्या ज्या खाचेत एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा, रेणू बसतो, नेमकी तीच जागा गोळी अडवते. निरोप थांबतो आणि पेशी मरतात. टार्गेटेड थेरपी म्हणतात ती ही. गाठीत तो बदलच नसेल, तर या गोळीचा फारसा उपयोग नाही, मग ती कितीही महाग असो.

आशियाई रुग्णांत आणि आयुष्यात कधीच सिगारेट न ओढलेल्यांत हा बदल जास्त आढळतो. त्यामुळे आपल्याकडे तरी ही तपासणी मागे पडता कामा नये, असं मला फार मनापासून वाटतं.

माझं काम गोळी लागू पडल्यानंतर सुरू होतं. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या आमच्या पीसी-९ पेशींमध्ये ईजीएफआरचा असाच बदल आहे. त्या फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढतात. वर लालसर गुलाबी माध्यम, म्हणजे त्यांना पोसणारं द्रव, असतं. पेशी जोमात वाढल्या की त्यांनी सोडलेल्या आम्लाने ते पिवळं पडतं, त्यामुळे इन्क्युबेटरचं दार उघडताच त्यांचं कसं चाललंय ते कळतं. औषध घातलं की काही दिवसांत पेशी गोल होतात, तळ सोडून तरंगायला लागतात आणि माध्यम बदलताना निघून जातात. त्यानंतर माध्यम गुलाबीच राहतं. नुसत्या डोळ्यांना फ्लास्क रिकामा वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मात्र तळाशी हजारात दोन-चार पेशी दिसतात, एकमेकींपासून लांब लांब, निपचित.

या पेशींचं सविस्तर वर्णन २०१० साली इथल्याच एका गटाने केलं. त्यांना औषधाविरुद्ध बळ देणारा कुठला नवा जनुकबदल त्यांच्यात सापडत नाही. औषध काढून त्यांना पुन्हा वाढू दिलं, की त्यांची पुढची पिढी त्याच औषधाने पहिल्यासारखीच मरते. म्हणजे जनुकं तीच, पण कुठली चालू ठेवायची आणि कुठली बंद, हे बदलून त्यांनी तग धरलेला असतो. तग धरायला त्यांना नेमकं काय लागतं आणि तेच काढून घेता येईल का, हा माझा विषय.

त्याची निकड अशी, की अशा तग धरलेल्या पेशींना वेळ मिळतो आणि त्या वेळात कायमचा बदल घडू शकतो. जेफिटिनिबसारख्या पहिल्या पिढीच्या गोळ्या निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठींत ईजीएफआरमधलाच टी७९०एम हा नवा बदल सापडतो. त्यावर ऑसिमर्टिनिब हे औषध आलं. अमेरिकेत त्याला २०१५ साली मान्यता मिळाली आणि २०१८पासून ते पहिला उपचार म्हणूनही दिलं जाऊ लागलं. मोठ्या चाचणीत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ जुन्या गोळ्यांवर १०.२ महिने होता, ऑसिमर्टिनिबवर १८.९. हे जवळपास पावणेनऊ महिने एखाद्या घरासाठी केवढे मोठे असतात! पण काही गाठी तिथूनही वाट काढतात, कधी ईजीएफआरमधल्याच सी७९७एस या बदलाने, तर कधी वाढीचा निरोप पोचवणारा मेट नावाचा दुसराच मार्ग वापरून.

छातीत पाणी झालेल्या रुग्णाचं ते पाणी काढल्यावर, त्याच्या संमतीने, त्यातला थोडा भाग आमच्याकडे येतो. बाटलीवर फक्त सांकेतिक क्रमांक असतो. त्यातल्या पेशी जगवायला आम्ही जिवाचं रान करतो, कारण कुणीतरी आजारपणातही ते देऊ केलेलं असतं. इथे येईपर्यंत मला माहीत नव्हतं की रुग्ण आपल्या म्युटेशनच्या नावाने एकत्र येतात, निधी उभारतात आणि संशोधनाला देतात. असे रुग्ण समोर बसून प्रश्न विचारतात तेव्हा अर्धवट उत्तर देववत नाही.

तर घरात कुणाला हा आजार निघाला, तर डॉक्टरांना ईजीएफआर, एएलके, आरओएस१ आणि इतर जनुकांच्या तपासणीबद्दल स्पष्ट विचारा. बायोप्सीचा मेणात जपलेला ब्लॉक पॅथॉलॉजी विभागात ठेवलेला असतो. त्यात पुरेसा नमुना उरला असेल तर त्यावर नंतरही तपासणी होऊ शकते. गोळी चालू असताना गाठ पुन्हा वाढली, तर नव्याने बायोप्सी किंवा रक्तावरची तपासणी करता येईल का, हेही विचारा. जुना रिपोर्ट त्या वेळच्या गाठीचा असतो. मधल्या काळात ती बदललेली असू शकते.