स्टिअरिंगचा प्ले: बॉक्सच्या स्क्रूला हात लावण्याआधी

गाडी मागच्या चाकांवर चालणारी, पॉवर स्टिअरिंग नसलेली, जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स (व्हीलचं फिरणं गिअरमधून चाकांकडच्या दांड्यांना देणारा डबा) असलेली. सरळ रस्त्यावरही ती सारखी सावरत राहावी लागायची आणि स्टिअरिंग व्हीलच्या कडेवर जवळपास दोन बोटं प्ले होता, म्हणजे चाकं न वळता व्हील तेवढं नुसतंच फिरायचं. अशा गाडीला जो तो एकच सल्ला देतो: बॉक्सवरचा, आतल्या गिअरांमधली मोकळीक कमी करणारा स्क्रू थोडा कस. मी तो मुद्दाम शेवटासाठी ठेवला आहे. बॉक्स सर्वांत जास्त झिजतो तो मध्यावर, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. तिथला प्ले काढायला स्क्रू जास्त आवळला, तर वळताना, जिथे गिअर कमी झिजलेले असतात तिथे, स्टिअरिंग अडकायला लागतं. शिवाय ढिल दुसऱ्याच जॉइंटमध्ये असेल तर ती तशीच राहते आणि बॉक्स मात्र उगाच खराब होतो.

तपासणीची सुरुवात चाकं जमिनीवर ठेवूनच केली. मदतनीस आत बसून व्हील थोडंसंच डावी-उजवीकडे हलवतो, प्ले संपून जरा जोर लागेपर्यंत; पूर्ण वळवायचं नाही. मी खाली, एकेका जॉइंटवर बोट ठेवून: अर्धं बोट सॉकेटवर, अर्धं आर्मवर. डोळ्यांना न दिसणारी ढिल बोटाला कळते. पॉवर स्टिअरिंगवाल्यांनी ही तपासणी इंजिन चालू ठेवून करावी, म्हणजे जॉइंटवर खरा जोर येतो. (हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे लावलेले, हे सांगायची गरज नसावी.) क्रम वरून खाली: कॉलमचं कपलिंग, बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट, पिटमन आर्म (बॉक्समधून निघून मधला रॉड ढकलणारा), मधला रॉड, आयडलर आर्म, मग दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड, म्हणजे मधल्या रॉडपासून चाकांकडे जाणाऱ्या टाय रॉडच्या टोकांचे जॉइंट. बॉक्सच्या बोल्टभोवती चॅसीला तडा गेलाय का, हे टॉर्च लावून बघाच. बॉक्स स्वतःच हलत असेल तर पुढचं काही बघण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे चोर सापडला तो बॉक्सच्या विरुद्ध बाजूला, आयडलर आर्ममध्ये. व्हील हलवलं की मधला रॉड आडवा सरकण्याआधी त्याचं ते टोक वर-खाली डुलत होतं. हा आर्म गाडी वळवत नाही, मधल्या रॉडचं दुसरं टोक नुसतं धरून ठेवतो, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण रॉड वर-खाली झाला की त्या बाजूच्या चाकाचा टो (चाकाचं तोंड किंचित आत की बाहेर, तो कोन) बदलतो, आणि खड्ड्यागणिक गाडी भरकटते.

मग चाकं उचलली. नऊ-तीनवर धरून हलवलं की टाय रॉडची ढिल कळते, बारा-सहावर हलवलं की बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा आर्म चाकाला जोडणारा) किंवा चाकाच्या बेअरिंगची. या दोघांतला फरक ओळखायला मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगायचं: ढिल गायब झाली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल तर जॅक त्या आर्मखालीच हवा, नाहीतर स्प्रिंगच्या जोराने खालचा जॉइंट दाबलेलाच राहतो आणि ठणठणीत वाटतो. माझे बॉल जॉइंट ठीक निघाले. एका बाहेरच्या टाय रॉड एंडचं रबर मात्र फाटलं होतं, आत ग्रीसऐवजी गंजाचा लगदा.

काढताना आधी मोजमाप: टाय रॉडच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटमधल्या बॉलपिनांच्या मध्यांमधलं अंतर लिहून ठेवलं. स्लीव्हच्या (टाय रॉडची लांबी कमी-जास्त करणाऱ्या नळीच्या) एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे, त्यामुळे जोर लावण्याआधी बाजू ओळखावी. नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवायचा, पुलरने ताण द्यायचा आणि आर्मच्या डोळ्याच्या (पिन बसते त्या भोकाच्या) बाजूवर हातोडा मारायचा. डोळा क्षणभर ताणला जातो आणि टेपर (पिनचा निमुळता भाग) सुटतो. फोर्क (जॉइंट उचकटायची दोन टोकांची पाचर) ठोकला तर रबर फाटतं, म्हणून तो फक्त टाकून द्यायच्या जॉइंटसाठी. बसवताना बॉलपिन गरगर फिरायला लागली तर जॉइंट दाबून धरा, टेपर पकडतो. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. पिन दर वेळी नवी.

आयडलर आर्मबाबत एक गोष्ट फार कमी जण सांगतात. त्याचा बुश (आर्म ज्यात फिरतो तो) रबराचा असेल तर त्याचा नट चाकं सरळ ठेवूनच शेवटचा आवळायचा. वळलेल्या चाकांवर आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि गाडी सारखी एका बाजूला ओढते. मग माणूस अलाइनमेंटच्या फेऱ्या मारत बसतो.

टो दोरी आणि टेपने तात्पुरता बसवला, अलाइनमेंटला सुरक्षित जाता येईल इतपत. स्लीव्हच्या क्लॅम्पचे बोल्ट आवळण्याआधी दोन्ही टोकांचे जॉइंट मधोमध धरावेत, नाहीतर एक जॉइंट वळताना लवकर अडतो.

आता व्हीलवरचा प्ले बोटभरही नाही आणि गाडी सरळ धावते. बॉक्समधलं ऑइल कमी होतं, ते भरलं. स्क्रू अजून जसाच्या तसा आहे. उरलंय ते एवढंच की सरळ जाताना व्हीलची आरी (मधली आडवी दांडी) किंचित डावीकडे राहते. त्यासाठी व्हील उपटून दुसऱ्या दात्यावर बसवणार नाही, कारण बॉक्सचा मध्य आणि व्हीलचा मध्य एकत्रच राहायला हवेत. अलाइनमेंटच्या वेळी एक टाय रॉड जितका लांब करू तितकाच दुसरा आखूड करायचा, म्हणजे टो न बदलता आरी मध्यावर येईल.