अपडेट: पणजोबा सापडले, आणि तेही रिठीत, म्हणजे ओसाड पडलेल्या गावात!

आमच्या वंशावळीच्या शोधात १९१८ च्या पलीकडे काही केल्या जाता येत नव्हतं ना, ते शेवटी झालं! आणि कोणत्या नव्या रेकॉर्डमुळे नाही, आत्याबाईंच्या बोलण्यातून.

तुम्हाला आठवत असेल, आबाजींचं, म्हणजे आजोबांचं नाव शाळेच्या दाखल-खारीजात मिळालं होतं, पण त्याच गावच्या कोतवाल बुकात (जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) त्यांचा जन्म नाही, भावंडांचा नाही, घरातल्या कोणाचा मृत्यूही नाही. पणजीचं माहेर पवनीकडचं म्हणून मी तिकडचीच गावं धुंडाळून राहिले होते.

परवा आत्याबाईंकडे नागपूरच्या महाल भागात सरगुंडे आणि आमरस खायला गेले, तर त्या सहज म्हणाल्या, "असा रस रिठीवरच्या आंब्याचाच निघे बाप्पा." माझा हात थांबलाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी पोरं बंडीत बसून नाल्यापलीकडे जायचो ती आमराई म्हणजे रिठी! तिथे घरांचे जुने चौथरे होते, एक बुजलेली विहीर होती आणि झाडाखाली शेंदूर फासलेला मारुती. मारुती आहे म्हणजे कधीतरी वस्ती असणारच. महसुलात रिठीला स्वतंत्र मौजा असतो, पण माणसं राहत नाहीत म्हणून तिचं जुनं बुक कोणी मागतच नाही.

मग त्या मौजाच्या नावाने नक्कलेचा अर्ज टाकला, जुन्या नावाने, म्हणजे पुढचं 'रिठी' काढून. बुक निघालं. मोडी लिपीत आहे, शब्द एकमेकांना चिकटलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, आणि आडनाव तर कुठेच नाही, नुसतं नाव, वल्द आणि बापाचं नाव. म्हणून एका नावावर विसंबायचं नाही, अख्खं कुटुंब जुळवायचं असं ठरवलं, आणि जुळलं! आबाजींचा जन्म १९१२ (शाळेत १९१४ लावलाय), मग धाकटी बहीण, आणि मग १९१८ चा ऑक्टोबर. पानामागून पान, कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाने मध्य प्रांत आणि वऱ्हाडात भयंकर माणसं मेली हे वाचलेलं होतं, पण पणजी आणि ती धाकटी पोर एकाच पानावर दिसल्यावर मी पुढे वाचूच शकले नाही, चहा करून आले. त्यानंतर बुकात नोंदी जवळजवळ नाहीतच. जे उरले ते नाला ओलांडून मोठ्या गावात गेले असावेत, पणजोबा आबाजींना घेऊन त्यातच.

हे सगळं ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. फुकट आहे आणि माझ्या मते आपल्याकडच्या कामाला त्याच्यासारखं दुसरं नाही, कारण एकच ठिकाण कोणत्या वर्षी कशात मोडत होतं ते तारखेसकट लावता येतं. मध्य प्रांत, मग १९५० ला मध्य प्रदेश, मग १९५६ ला मुंबई राज्य, मग १९६० ला महाराष्ट्र, सगळं नीट बसतं. आणि मोडीच्या फोटोसाठी स्कॅनर अ‍ॅपपेक्षा खिडकीतला सकाळचा उजेड बरा, अ‍ॅप फिकट शाई पुसून टाकतं. जुन्या कागदांना लॅमिनेशन तर अजिबात नको, आमचं वाटणीपत्र एका दुकानदाराने न विचारता लॅमिनेट करून दिलं, आता ते सोडवता येत नाही.

पुढे नाशिकला जाऊन तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत (यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्यांत) बघायचं ठरलं होतं, त्याआधी रिठीची बंदोबस्त मिसल, म्हणजे जमिनीच्या जुन्या आकारणीचे कागद. पण हे टाइप करतानाच सुचलं, ती आमराई आणि आमचं गाव दोन्ही गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, म्हणजे भूसंपादनाचा निवाडा झालेलाच असणार! त्यात सर्व्हे नंबर, खातेदार, वारस, विहिरी, झाडं सगळं मोजलेलं असतं. आंब्याची झाडं कोणाच्या नावावर होती तेच तिथे लिहिलेलं असेल, आणि ती नावं बुकातल्या नावांशी जुळली तर पणजोबांच्या भावांचा पत्ता लागेल. त्यामुळे नाशिक दिवाळीनंतर, आधी निवाडा.

कुही-भिवापूरकडच्या कोणी आपल्या घरचा निवाडा काढला असेल तर सांगा, अर्जात मौजा पुरतो का प्रकरण क्रमांक लागतोच?