सेल्माचा पूल

आज अलाबामातल्या सेल्माला जाऊन आलो. एडमंड पेटस पूल पायी ओलांडला. पूल मधोमध उंच आहे, चढताना पलीकडचं काहीच दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला कृष्णवर्णीयांसाठी मताचा हक्क मागणारे सहाशेच्या आसपास लोक असेच चढले आणि माथ्यावर आल्यावर त्यांना पोलिसांची रांग दिसली. मग अश्रुधूर, लाठ्या, घोडे. मोर्चाच्या पुढे असलेल्या पंचवीस वर्षांच्या जॉन लुईसच्या कवटीला तडा गेला.

वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही, हे अमेरिकेच्या राज्यघटनेत १८७० सालीच लिहिलं गेलं होतं. म्हणजे पंचाण्णव वर्षं आधी! प्रत्यक्षात मात्र साक्षरतेची परीक्षा, मतदानासाठी कर, नोकरी जाण्याची धास्ती. या परगण्यात निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची, पण मतदारयादीत त्यांची नावं जेमतेम काहीशे. याला लोकशाही तरी कसं म्हणायचं? १९६५ च्याच ऑगस्टमध्ये हे अडथळे मोडणारा मताधिकार कायदा झाला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कणाच काढून घेतला, म्हणजे अशा राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे ती सक्ती, तोही अलाबामातल्याच एका परगण्याच्या खटल्यात. आणि पुलाला आजही गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनानीचं नाव आहे. मला ते फार लागलं.

माथ्यावर कठड्याला धरून उभा असताना आजी आठवली. सातारा जिल्ह्यातली, सही येत नव्हती, अंगठा उठवायची. पहिल्या निवडणुकीत तिने मत दिलं. आधी वाचून दाखव, असं तिला कुणी म्हटलं नाही.